राजगिरा सांडला, वत्सू

वत्सू, काल तुझ्या चौदाव्याचं गोड जेवण झालं. म्हणजे रीतीप्रमाणे आता आम्ही डोळे पुसायचे आणि आपापल्या कामाला लागायचं. डोळे मी पुसले. राग तसाच आहे. त्याला कधी गोड खाऊ घालून उठवायचं, ते भटजींनी सांगितलेलं नाही.

पंगतीत सगळे तुझं कौतुक करत होते. "केवढं सोसलं, पण तोंडातून अक्षर नाही," तुझे थोरले दीर म्हणाले आणि जिलबीसाठी पान पुढे सरकवलं. तेच दीर, ज्यांना तुला रक्त द्यायच्या दिवशी नेमकं पडसं झालं होतं. मी वाढत होते. म्हटलं, "भाऊजी, बेताने हं. पडसं आहे ना तुम्हाला?" ते हसले. त्यांना काही कळलं नाही. तुला कळलं असतं. पदर तोंडाला लावून तू आत पळाली असतीस आणि जाताजाता मला चिमटा काढला असतास. चिमटा बसला नाही, त्याचाही मला राग आला.

तोंडातून अक्षर नाही, म्हणे! जन्मभर तुझ्या तोंडाला विश्रांती नव्हती. सगळ्या घाटकोपरच्या रक्ताची चौकशी तुला. आणि स्वतःच्या रक्ताचं काही झालं, तेव्हा मात्र दातखीळ बसली. तुझ्याशी भांडायचं आहे ते एवढ्याचसाठी. बाकी तू मेलीस, ते मी समजू शकते. मरतात माणसं.

आपली ओळख तरी कशी झाली, आठव. लग्न होऊन मी घाटकोपरला तुझ्या शेजारी आले, तेव्हा स्वतःला केतकीचं पान समजत होते. इतकी गोरी की सासरचे लोक पाहुण्यांना दाखवायला बाहेर बोलवायचे. जिना चढले की धापा टाकायची, आणि त्याला मी नाजूकपणा म्हणायची. बोट कापलं तर हात डोक्यावर धरून घरभर पळायची, म्हणजे रक्त उतरून परत आत जाईल. तू म्हणालीस, "हात वर धरलास ते बरोबर, अंबे. फक्त डोकं वापरलं नाहीस." असं हे केतकीचं पान एकदा विहिरीवर कळशी उचलायला गेलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकून खालीच बसलं. बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. "गोड बातमी दिसतेय!" आणि मी, काही नसताना, लाजले. लाजले गं! आता आठवलं की त्या पोरीला दोन लगावून द्याव्याशा वाटतात.

तू गर्दीतून आलीस. धड ओळख नाही, पण अंगठ्याने माझी खालची पापणी ओढून आत बघितलंस, आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "बातमी गोड नाही. आणि हा गोरेपणाही नाही. हिच्या रक्तात हमाल नाहीत."

"कसले हमाल?" मी विचारलं.

"प्राणवायू वाहणारे. छातीतून उचलायचा आणि पायाच्या नखापर्यंत पोचवायचा. तांबड्या पेशी म्हणतात त्यांना. तुझ्याकडे आहेत थोडे, तेही उपाशी. तू जिना चढतेस तेव्हा सगळं अंग ओरडतं, माल कुठाय, माल कुठाय."

चारचौघींत मला उपाशी हमालांची मालकीण ठरवलीस. मी अबोला धरला. तू अळिवाची खीर आणत राहिलीस, लोखंडी कढईत काळी केलेली पालेभाजी आणत राहिलीस, नाचणीची भाकरी आणत राहिलीस. मी अबोल्यातच सगळं खाल्लं. पुढे माझे गाल लाल झाले, आणि रूप गेलं म्हणून मी रडले. त्या वेळी तू जे हसली होतीस, ते हसू मला अजून ऐकू येतं. कृतज्ञ आहे बाई मी. ते एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढे मोकळेपणाने भांडता येईल.

तू शिकत गेलीस, शाळेत शरीरशास्त्र शिकवायला लागलीस. आम्ही मुलुंडला बिऱ्हाड हलवलं, तरी चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी तुझ्याकडे यायचीच. एका वर्षीची तुझी आरास मुलुंड-घाटकोपरच्या बायका अजून सांगतात. दुसऱ्यांच्या घरी गौरीपुढे करंज्यांची कमान, कलिंगडाची कमळं. तुझ्या गौरीपुढे परातभर मसुरीची तांबडी डाळ, तिच्यात मोजके साबुदाणे आणि वर मूठभर राजगिरा भुरभुरलेला. बायका आंब्याची डाळ आणि पन्हं घेऊन बसल्या आणि तू पदर खोचून उभी राहिलीस.

"डाळ म्हणजे तांबड्या पेशी. खरं तर त्या मधे दाबलेल्या पेढ्यासारख्या असतात, पण पेढे ठेवले असते तर तुम्ही संपवले असते. साबुदाणा म्हणजे पांढऱ्या पेशी. आकाराने मोठ्या, संख्येने थोड्या. हे शिपाई. आणि राजगिरा म्हणजे अगदी बारक्या चकत्या. कुठे खरचटलं, भोक पडलं, की या धावतात आणि एकमेकींना चिकटून बांध घालतात. या नसत्या तर विळीवर बोट कापलं की सकाळची भाजी राहिली बाजूला, आपणच आटपलो असतो."

"आणि हे सगळं तयार कुठे होतं?" कोणीतरी विचारलं.

"हाडांत. मुदपाकखाना तिथे आहे."

एका म्हातारीने हाडं ऐकून पन्ह्याचा पेला खाली ठेवला. तू त्याकडे लक्ष दिलं नाहीस.

शिपायांचं मला आधीच पटलं होतं. माझा दिनू लहान असताना त्याचा गुडघा पिकला होता, तेव्हा मी नाक मुरडून पू पुसत होते. तू म्हणालीस, "तोंड वाकडं करू नकोस. तुझ्या पोरासाठी लढून मेलेले आहेत ते. बाहेरून आलेला जंतू अख्खा गिळतात आणि तिथेच पडतात." त्यानंतर दिनूची कुठलीही पुळी बघून मी मनातल्या मनात नमस्कार करायची. येडीच.

त्या शिपायांतही जाती आहेत, म्हणालीस. गिळणारे वेगळे. पण काही लहान, गोल, गप्प बसलेल्या पेशी असतात, त्या नक्की करतात काय, ते मोठमोठ्यांनाही अजून नीट उमगलेलं नाही. मी चिडवलं, "म्हणजे तुझ्या दिरांसारख्या." तू म्हणालीस, "नाही गं, काहीतरी मोठं काम असणार त्यांचं. उगाच कोणी एवढी माणसं पोसत नाही. कळलं की तुला पहिली सांगेन." कधी सांगणार होतीस? आता दुसऱ्या कोणी सांगितलं तर मी कान बंद करून घेणार आहे.

मग आपण दोघींनी तो उद्योग केला. तुझी नलू आणि माझा दिनू. दोघं एकमेकांकडे बघतात, हे तुला आधी दिसलं की मला, यावरून आपण भांडलो. साखरपुडा झाला तेव्हा तू म्हणालीस, "बघ हं, आता मी वधूपक्ष आणि तू वरपक्ष. तुला माझ्यावर रुसायला लागेल." मी म्हटलं, "असं रुसेन की घाटकोपर बघत राहील!" किती हौस होती मला! आयुष्यभर तुझ्याकडून खाली मान घालून ऐकलं होतं. एक दिवस तरी वरमाय होऊन तुझ्या डोक्यावर बसायचं होतं.

आणि बसले. तू बसू दिलंस.

लग्नाच्या आदल्या दिवशी तुझ्या पडवीत कासार आला होता. हिरव्या बांगड्या भरताना तुझी पाळी आली. त्याने तुझा पंजा दाबला, नेहमीसारखाच दाबला असणार, आणि बघता बघता अंगठ्याच्या खाली काळानिळा डाग पसरला. मग मनगटावर दुसरा. मी त्या गरीब माणसावर तुटून पडले. "हात आहे की खलबत्ता? माणसाच्या हाताला बांगड्या भरताय की बैलाच्या शिंगाला?" तो बिचारा गोंधळून म्हणाला, "बाई, मी जोर नाही लावला." बायका हसल्या. तूही हसलीस. हात पदराखाली घेऊन म्हणालीस, "काही नाही गं. बांगडी घट्ट होती."

तू, वत्सू! परातीत राजगिरा मांडून दाखवणारी तू! कोणी नुसता पंजा धरला म्हणून काळंनिळं पडत नाही, आत राजगिरा उरला नसला की पडतं, हे त्या पडवीत एकट्या तुला माहीत होतं. आणि तू मला कासारावर ओरडू दिलंस.

दुसऱ्या दिवशी तू माझे पाय धुतलेस. विहिणीचे पाय धुवायचे असतात म्हणून. मी चौरंगावर बसले होते, नाकातली नथ सावरत, सगळा मांडव बघतोय याची मजा घेत. तू खाली वाकलीस. मी हळूच म्हटलं, "टाचेकडे नीट धू गं. वरमायची टाच आहे." तू पायाच्या अंगठ्याला चिमटा काढलास. आपलं आपल्याला हसू आवरेना. मग उठताना तू एकदम माझा गुडघा धरलास, घट्ट, आणि डोळे मिटून तशीच राहिलीस. मला वाटलं, नाटक करतेयस. मी म्हणाले, "उठ आता, वजन कमी कर जरा."

तुझे हमाल संपत आले होते. विहिरीवर बसकण मारणारी मी, काजवे चमकणं म्हणजे काय हे तुझ्याकडूनच शिकलेली मी, आणि माझ्याच गुडघ्याला धरून तू उभी राहिलीस तरी मला कळलं नाही. अक्कल वाढते, असं म्हणतात लोक. माझी फक्त नथ मोठी झाली होती.

पण पापणी ओढून दाखवायला तुला कुणी बंदी केली होती? एक शब्द पुरला असता. अंबे, बघ. बस.

लग्नानंतर तुला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. दिवाळीनंतरच तू एकटी जाऊन रक्त तपासून आली होतीस. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हाच तुला संशय आला होता. रोगाचं नाव कळलं होतं, पुढचंही कळलं होतं. मी खाटेशी बसले तेव्हा तू जणू वर्गात शिकवत असल्यासारखी सांगायला लागलीस.

"माझ्या रक्तात वऱ्हाड उतरलंय, अंबे. पांढऱ्या पेशी वाढल्यात, पण अर्ध्याकच्च्या. लढता येत नाही, काही येत नाही. नुसत्या हाडांत जागा अडवून बसल्यात. मुदपाकखान्यात पाय ठेवायला जागा नाही. तांबड्या करायच्या कुठे, राजगिरा करायचा कुठे?"

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"लग्न ठरलं होतं."

"मग?"

"लोक म्हणाले असते, आईचं रक्त नासलंय, मुलीचंही नासेल. तसं नसतं. पण कोणाकोणाला परात मांडून दाखवायची?"

"लोक म्हणाले असते. मी काय म्हणाले असते?"

तू खिडकीकडे बघितलंस. मग म्हणालीस, "तू वरमाय होतीस, अंबे."

त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या घशात अडकलं आहे. गिळवत नाही, थुंकता येत नाही. मी वरमाय? तुझ्या अळिवाच्या खिरीवर जगलेली मी? तुला माझ्या डोळ्यांच्या आतली बाजू माहीत होती, वत्सू, आणि तू मला वरपक्षात बसवलंस. मी लग्न मोडलं असतं, असं तुला वाटलं? आमच्या घरात बोलणारे बोलले असते, मान्य आहे. आमचे हेसुद्धा दोन दिवस मिशी चावत बसले असते. मी लाटणं घेऊन उंबऱ्यात उभी राहिले असते. राहिले असते ना? बघ, तू विचारलं नाहीस, म्हणून आता मलाच मला विचारावं लागतं. याचा राग सगळ्यात जास्त आहे. तू मला बरं वागायची संधीसुद्धा दिली नाहीस.

इस्पितळाने रक्त मागितलं. तुझ्या घरात धडधाकट पुरुष कमी नाहीत. थोरल्यांना पडसं, मधल्यांना साहेब रजा देईना, धाकटे म्हणाले, दिलेलं रक्त भरून येत नाही, माणूस खंगतो. तुझ्या घरात राहून, तुझं बोलणं ऐकून हे म्हणाले! तुझ्या नवऱ्याने बिचाऱ्याने बाही वर केली, तर त्यांचं रक्त जुळेना. नलूला तू हात लावू दिला नाहीस, नव्या नवरीचं घेणार नाही म्हणून.

मग मी बाही वर केली. सुई बघितली की मूर्च्छा येणारी मी. काचेच्या पट्टीवर तुझा थेंब आणि माझा थेंब एकत्र करून डॉक्टर वाकून बघत होते, आणि मी देवाचं नाव घेत होते. ते म्हणाले, "जमतंय." मी आत येऊन तुला सांगितलं, "ऐक, आपली पत्रिका जमली." तू एवढी थकलेली होतीस, तरी म्हणालीस, "तुझे हमाल आळशी आहेत. मला जिना चढवणार नाहीत."

"माझे नाहीतच ते. तुझ्या खिरीचे आहेत. परत करतेय."

बाटली तुझ्या खाटेशी उलटी टांगली होती. त्या रबरी नळीतून माझं रक्त तुझ्या दंडात उतरत होतं, आणि तुझ्या ओठांना हळूहळू रंग आला. मला वाटलं, आता बोलशील. चुकले म्हणशील. तू विचारलंस, "नलूला सुरमईची आमटी जमते का गं तुमच्याकडे? मी शिकवायची राहिली."

तूच सांगितलं होतंस, तांबडी पेशी चार महिने जगते, राजगिरा मात्र जेमतेम आठ-दहा दिवस. मी पौषात रक्त दिलं. म्हणजे माझे हमाल तुझ्या अंगात चैत्रातल्या हळदीकुंकवापर्यंत सहज फिरले असते. तू माघातच निघालीस. त्यांना मधेच घेऊन गेलीस. तुला चितेवर ठेवलं तेव्हा माझं जिवंत रक्त तुझ्यात होतं, वत्सू. मी बायकांत घरी बसले होते आणि माझा दंड दुखत होता. आणि इथे माझ्या हाडांनी काय केलं? दुसऱ्या दिवसापासून नवं रक्त रांधायला घेतलं. सुतक नाही, काही नाही. धाकट्या भाऊजींना म्हणावं, भरून येतं. मी विचारलं नव्हतं, तरी भरून येतं.

आता नलूचं सांगते, कारण तुला तेच ऐकायचं असणार. लहानपणी ती मला अंबूमावशी म्हणायची, पाठीवर गुद्दे घालायची. लग्न झाल्यापासून सासूबाई, अहो-जाहो, खाली मान. तू शिकवून पाठवलं असशील. तू गेल्यावर तर ती आवाज न करता चालायला लागली. हातभर बांगड्यांवर पदर ओढून घ्यायची. मला कळत होतं. तुझ्या दिरांच्या घरातून कोणीतरी बोललं होतंच, आईचं रक्त तसं, आता लेकीचं बघा. ती माझ्या तोंडाकडे बघायची, वरमाय दिसते का म्हणून.

आज सकाळी मी ओट्याशी होते. ती मागे येऊन उभी राहिली. मग बांगड्या वर सारून हात माझ्यासमोर धरला. कोपराखाली निळा डाग होता.

"मावशी," ती म्हणाली, "हे बघ गं."

"कुठे आपटलीस?"

"पंपाच्या दांड्यावर. परवा. पण तरी... बघ ना."

 मी तिचा हात उजेडात नेऊन बघितला. डाग कडेने हिरवट, पिवळट व्हायला लागला होता, आपटल्याचा होतो तसा. मग तुझ्यासारखी अंगठ्याने पापणी ओढली. आत लालचुटुक. तरी उद्या तिला घेऊन रक्त तपासायला जाणार आहे. तिच्या मनातली भीती निघावी म्हणून, आणि माझ्याही. दिनूला सांगितलं, तो बरोबर येतोय. यांना सांगितलं, ते मिशी चावतायत. चावू देत.

तुझ्या पोरीला जमलं, वत्सू. एवढंच होतं. बांगड्या वर करायच्या आणि मला म्हणायचं, बघ. मी बघितलं असतं.

चैत्रात गौर माझ्याकडे बसवणार आहे. परात मांडून बघायची म्हणून नलूने आजच सामान काढलं. मसूर मांडली, साबुदाणे पेरले, आणि राजगिऱ्याचा डबा उघडताना तिच्या हातून स्वयंपाकघरभर सांडला. आम्ही दोघी जमिनीवर बसून एकेक दाणा वेचत होतो, आणि मी तुला शिव्या देत होते, आणि ती पहिल्यांदा हसत होती.